शेडकार्डामागचे रसायन: हरित इमारतींतील आतल्या रंगांची व्हीओसी तपासणी

भिंतीवरचा ओला रंग वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडते आणि पाण्याबरोबर काही सेंद्रिय रसायनेही हवेत जातात. या रसायनांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, रोजच्या बोलण्यात व्हीओसी, म्हणतात. ऑइलपेंटमधले टर्पेंटाइन, थिनरमधले टोल्युइन आणि झायलिन, प्लास्टिक पेंटमधले ग्लायकॉल, लाकडी पॉलिशमधले स्पिरिट ही त्यांची नेहमीची उदाहरणे. इमारतीला हरित प्रमाणपत्र हवे असेल तर तिच्या आतल्या रंगांत ही संयुगे ठरावीक मर्यादेच्या आत असावी लागतात. मर्यादा दर लिटरमागे ग्रॅममध्ये दिलेली असते. ती सोपी दिसते, पण तो लिटर कारखान्यातून आलेल्या पांढऱ्या बेसचा की दुकानात शेड मिसळलेल्या रंगाचा, आणि त्यात पाणी धरायचे की वगळायचे, यावर एकच रंग पास किंवा नापास होऊ शकतो. या विषयातले बहुतेक घोटाळे इथेच होतात.

अमरावती आणि अकोल्यात हा विषय आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली आणि या दोन्ही महानगरपालिका तिच्या कक्षेत आल्या. हरित इमारतीला त्या नियमावलीत वाढीव चटई निर्देशांक मिळतो: ‘गृह’ पद्धतीचे तीन तारे किंवा आयजीबीसीचे सिल्व्हर असेल तर मूळ निर्देशांकाच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. म्हणजे हजार चौरस मीटरच्या मूळ बांधकामावर प्लॅटिनमवाल्याला ७० चौरस मीटर जास्त. बडनेरा रोडवरच्या किंवा अकोल्याच्या गोरक्षण रोडवरच्या बांधकाम व्यावसायिकाला एवढ्या जागेची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही. रंगाच्या डब्यावरचा ग्रॅमचा आकडा त्यामुळे थेट पैशाशी जोडला गेला आहे, आणि जिथे पैसा असतो तिथे कागद नीट तपासावे लागतात.

ही प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांपैकी आयजीबीसी, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये हैदराबादेत स्थापन केली. तिथल्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी १४ जुलै २००४ रोजी केले. अमेरिकेच्या लीड पद्धतीचे प्लॅटिनम मानांकन अमेरिकेबाहेर पहिल्यांदा मिळाले ते याच इमारतीला. ‘गृह’ ही पद्धत टेरी संस्था आणि केंद्राचे अक्षय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून घडवली. दोन्ही पद्धतींत ऊर्जा आणि पाणी यांना मोठे गुण आहेत, रंगाला थोडे. थोडे असले तरी ते स्वस्तात मिळणारे गुण आहेत, म्हणून जवळजवळ प्रत्येक अर्जात त्यांच्यावर दावा केलेला असतो.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांना या हिशेबाची गरज नव्हती. मातीच्या भिंती पांढऱ्या मातीने पोतारत, जमीन शेणाने सारवत, दिवाळीच्या तोंडावर चुन्यात नीळ घालून भिंतींना हात देत आणि खाली गेरूचा पट्टा ओढत. भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. त्यातून उडते ते निव्वळ पाणी. पण चुना कपड्याला लागतो, म्हणून शहरांत आधी सुका डिस्टेंपर आला, मग ऑइलबाउंड, मग प्लास्टिक पेंट. दारे-खिडक्यांना तेलाचा रंग असे. त्याचा आधार जवसाचे तेल, आणि जवस तर विदर्भातच पिकते. हे तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होते. ते पातळ करायला टर्पेंटाइन घालत. अस्सल टर्पेंटाइन पाइन झाडाच्या चिकापासून निघते, म्हणजे पूर्णपणे नैसर्गिक. तरीही ते १५५ अंशांच्या आसपास उकळते आणि व्हीओसीच्या व्याख्येत पुरते बसते. ‘नैसर्गिक’ हा शब्द चाचणीच्या जागी चालत नाही. शेणापासून बनवलेला खादी प्राकृतिक पेंट नितीन गडकरी यांच्या हस्ते १२ जानेवारी २०२१ रोजी बाजारात आला, तेव्हा खादी आयोगानेही मुंबई आणि गाझियाबादच्या नॅशनल टेस्ट हाउसचे आणि दिल्लीच्या श्रीराम इन्स्टिट्यूटचे चाचणी अहवाल पुढे केले होते. तेच योग्य होते.

मर्यादा आल्या कुठून हे कळल्याशिवाय त्यांचा विचित्रपणा समजत नाही. त्यांचा उगम घरातल्या हवेत नाही, लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. उन्हात सेंद्रिय बाष्पे आणि वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड यांच्यातून ओझोन तयार होतो, म्हणून तिथल्या हवा नियंत्रण मंडळाने १९६६ पासून द्रावकांवर बंधने घातली. ओझोन फारसा न बनवणारी द्रावके पुढे यादीतून वगळली गेली. ॲसिटोन अमेरिकेत १९९५ मध्ये असे सुटले. अमोनिया सेंद्रिय नसल्याने मुळातच मोजला जात नाही, मग नव्या प्लास्टिक पेंटचा वास नाकाला कितीही झोंबो. युरोपने वेगळी रेघ ओढली: ज्याचा उत्कलनबिंदू २५० अंश किंवा त्याखाली ते व्हीओसी. इमल्शनचे कण एकमेकांत मिसळून अखंड थर व्हावा म्हणून घातले जाणारे टेक्सानॉल २५५ अंशांच्या जवळ उकळते, म्हणून युरोपच्या हिशेबात ते सुटते. भिंतीतून मात्र आठवडेच्या आठवडे सावकाश सुटत राहते. थोडक्यात, कमी व्हीओसी म्हणजे आपोआप निरोगी हवा असे समीकरण या आकड्यात नाही. आकडा उपयोगी आहे, पण तो ज्या कामासाठी घडवला गेला ते काम दुसरे होते.

भारतीय अर्जांत सर्वाधिक दिसणाऱ्या मर्यादा अमेरिकेच्या ग्रीन सील संस्थेच्या जीएस-११ मानकातून आल्या आहेत: आतल्या मॅट रंगाला लिटरला ५० ग्रॅम, चकाकी असलेल्याला १५० ग्रॅम, दोन्ही पाणी वगळून. लोखंडाच्या गंजरोधक रंगाला २५० ग्रॅम. लाकडावरच्या व्हार्निशला ३५० आणि लॅकरला ५५० हे आकडे दक्षिण कॅलिफोर्नियाच्या नियमाच्या जुन्या आवृत्तीतले. युरोपच्या २००४ च्या निर्देशात, २०१० पासून, आतल्या भिंती-छताच्या मॅट रंगाला ३० आणि चकाकीवाल्याला १०० ग्रॅम, पण पाणी धरून. आकडे शेजारी ठेवले की युरोप जास्त कडक वाटतो. तो खरेच आहे का, हे मोजूनच सांगता येते.

मोजणी अशी होते. सीलबंद डबा नीट ढवळून नमुना काढतात. एक लिटर रंगाचे वजन घनतेच्या पात्रात ठरवतात. मग अर्धा ग्रॅमच्या आत-बाहेर रंग ॲल्युमिनियमच्या वाटीत घेऊन ११० अंशांच्या भट्टीत एक तास ठेवतात. जे वजन घटले ते सगळे उडणारे द्रव्य. त्यातले पाणी किती हे कार्ल फिशर पद्धतीने वेगळे काढतात. उडणाऱ्यातून पाणी वजा केले की व्हीओसी उरते. समजा, एका लिटर प्लास्टिक पेंटचे वजन १,३५० ग्रॅम भरले, त्यातले ६४८ ग्रॅम उडाले आणि त्यात पाणी ६३० ग्रॅम निघाले. व्हीओसी १८ ग्रॅम. युरोपच्या रीतीने हा रंग लिटरला १८ ग्रॅमचा. अमेरिकन रीतीने पाण्याचे आकारमान बाजूला काढायचे: उरलेल्या ३७० मिलिलिटरमध्ये १८ ग्रॅम, म्हणजे लिटरला सुमारे ४९ ग्रॅम. तोच डबा, तेच रसायन, आकडा मात्र अडीच पटींहून मोठा. पाणी वगळण्यामागे तर्क आहे. तसे केले नाही तर रंगात पाणी ओतूनच आकडा खाली आणता येईल, आणि भिंत झाकायला मग एकाऐवजी दोन हात मारावे लागतील. म्हणून दोन उत्पादकांची माहितीपत्रके समोर आली की आधी आकड्याखालची बारीक ओळ वाचायची. पाणी धरलेला १८ आणि पाणी वगळलेला ४९ यांची तुलना करून पहिल्याला बक्षीस देणारे सल्लागार भेटतात.

या उदाहरणात आणखी एक अडचण दडलेली आहे. ६३० ग्रॅम पाणी मोजताना फक्त एक टक्का चूक झाली तरी ती सहा ग्रॅमची, म्हणजे मोजायच्या १८ ग्रॅमच्या एकतृतीयांश. जास्त द्रावक असलेल्या ऑइलपेंटला वजाबाकीची पद्धत ठीक. कमी व्हीओसीच्या रंगाला ती फसवी. म्हणूनच आयएसओ ११८९० या मानकाचे दोन भाग आहेत. वजनाच्या १५ टक्क्यांहून जास्त व्हीओसी अपेक्षित असेल तर पहिल्या भागातली वजाबाकी, त्याखाली दुसऱ्या भागातली गॅस क्रोमॅटोग्राफी, जिच्यात प्रत्येक द्रव्य वेगळे ओळखून मोजले जाते. २५० अंशांची सीमा दाखवायला डायएथिल ॲडिपेटसारखे खुणेचे द्रव्य सोबत सोडतात. त्याच्या आधी बाहेर पडणारे व्हीओसीत जमा, नंतरचे नाही. मॅट प्लास्टिक पेंटच्या अहवालात केवळ भट्टी आणि वजाबाकी दिसली तर अहवाल परत पाठवणे योग्य.

आता शेडचा प्रश्न. दुकानातल्या टिंटिंग मशीनवर पांढऱ्या किंवा पारदर्शक बेसमध्ये स्टेनर सोडून हवी ती छटा बनते. फिक्या मलई रंगाला लिटरमागे थेंबभर स्टेनर पुरतो. गर्द मरून किंवा मोरपंखी रंगाला पन्नास-साठ मिलिलिटरपर्यंत जातो. स्टेनरमधले रंगकण सुकू नयेत म्हणून त्यात ग्लायकॉल असते, आणि ग्लायकॉल व्हीओसीत मोडते. वरच्याच बेसमध्ये लिटरला ३०० ग्रॅम व्हीओसी असलेला स्टेनर ६० मिलिलिटर घातला, तर १८ ग्रॅमची भर पडून एकूण ३६ ग्रॅम होतात. स्टेनरमध्ये निम्मे पाणी धरले तर पाणी वगळून आकडा ४९ वरून ९० वर जातो. पाणी धरूनही तो ३४ होतो. पांढरा बेस दोन्ही मानकांत पास झाला होता, गर्द शेड दोन्हींत नापास. भिंतीवर मात्र गर्द शेडच लागली आहे.

ही शंका कल्पनेतली नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शेरविन-विल्यम्स आणि पीपीजी या दोन बड्या कंपन्यांशी तडजोड जाहीर केली. त्यांच्या काही रंगांवर ‘शून्य व्हीओसी’ असा दावा होता. आयोगाचे म्हणणे असे की दावा न रंगवलेल्या बेसपुरता खरा होता. स्टेनर घातल्यावर अनेक शेडमध्ये तो राहत नव्हता. दक्षिण कॅलिफोर्नियाने २०१४ पासून स्टेनरलाच लिटरला ५० ग्रॅमची मर्यादा घातली. त्यानंतर कमी व्हीओसीचे स्टेनर जगभर मिळू लागले, भारतातही. ते प्रत्येक दुकानाच्या मशीनमध्ये आहेतच असे गृहीत धरू नये. बेसचा डबा नवा आणि स्टेनर जुन्या प्रकारचा, ही जोडी तालुक्याच्या बाजारात सहज जुळते.

भिंतीच्या शेडवर इतकी चर्चा होताना दार दुर्लक्षित राहते. दहा बाय बाराच्या खोलीला दोन हात मारायला साधारण साडेतीन लिटर प्लास्टिक पेंट लागतो. वरच्या बेसच्या हिशेबाने त्यातून सारे मिळून ६३ ग्रॅम व्हीओसी उडते. त्याच खोलीच्या एका दाराला, चौकटीसकट, अर्धा-पाऊण लिटर ऑइलपेंट लागतो. त्यात लिटरला ४०० ग्रॅम द्रावक असेल तर ०.६ लिटरमधून २४० ग्रॅम, आणि पेंटरने ‘जरा सरकायला हवा’ म्हणून १०० मिलिलिटर मिनरल टर्पेंटाइन ओतले तर आणखी ७८. चार भिंतींच्या पाचपट एका दारातून. प्रमाणपत्राच्या अर्जात दाराचा ऑइलपेंट आणि थिनर यांची नोंद गाळली गेली तर भिंतीच्या चाचणीला फारसा अर्थ उरत नाही. पाण्यावर आधारित इनॅमल आता मिळतात. हा बदल केला तर दुसऱ्या कोणत्याही बदलापेक्षा जास्त ग्रॅम वाचतात.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, यात स्थानिक गुंतागुंत भर घालते. विहिरी आणि बोअरचे पाणी खारे. त्यात केलेल्या प्लास्टरमधून क्षार वर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि खालच्या तीन-चार फुटांवर प्लास्टिक पेंटचे पापुद्रे सुटतात. पेंटरचा ठरलेला इलाज द्रावकावरचा प्रायमर आणि वर ऑइलपेंटचा पट्टा. काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने भिंतींना तडे जातात, मग लांबी भरा, घासा, पुन्हा हात मारा. म्हणजे मूळ दोष पाण्याचा आणि पायाचा, त्याची किंमत मोजायची घरातल्या हवेने. ओल तोडणारा थर आणि मिश्रणाला गोडे पाणी यांची सोय बांधतानाच झाली तर हा सगळा प्रायमर वाचतो.

डब्यात किती आहे, ही चाचणीची एक बाजू. हवेत किती येते ही दुसरी. त्यासाठी रंगवलेली पट्टी बंद कोठीत ठेवून ठरावीक वेगाने हवा खेळवतात आणि बाहेर येणारी हवा शोषक नळ्यांतून ओढून तपासतात. आयएसओ १६००० मालिकेत ही पद्धत आहे. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याच्या पद्धतीत अकराव्या, बाराव्या आणि चौदाव्या दिवशी हवा घेतात, जर्मन पद्धतीत तिसऱ्या आणि अठ्ठाविसाव्या. लीडच्या चौथ्या आवृत्तीने डब्यातला आकडा आणि हवेतला आकडा दोन्ही मागायला सुरुवात केली, आणि ते बरोबरच आहे.

कोठीतले तापमान २३ अंश, आर्द्रता निम्मी. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांशी खेळतो. टोल्युइनचा बाष्पदाब २० अंशांना २२ मिलिमीटर पारा असतो, ४० अंशांना तो ५९ होतो. म्हणजे लगीनसराईआधी उन्हाळ्यात रंगवलेल्या घरातून द्रावके झपाट्याने बाहेर पडतात. खिडक्या उघड्या असतील तर ती लवकर संपतात, बंद असतील तर सुरुवातीचे दिवस फार वाईट जातात. दिवाळीसाठी रंगवलेले घर पुढे हिवाळ्यात दारे लावून बसते, तेव्हा तीच द्रव्ये हळू आणि लांब काळ निघतात. खिडकीतला कुलर या बाबतीत एसीपेक्षा बरा, कारण तो बाहेरची हवा सतत आत ढकलतो. एसी खोलीतलीच हवा फिरवतो. कुलरचा ओलावा मात्र पार्टिकल बोर्डच्या कपाटातून फॉर्माल्डिहाइड जास्त सोडवतो, आणि तो दोष मग रंगाच्या माथी येतो. चिखलदऱ्याची गोष्ट उलटी. अकराशे मीटरच्या आसपास उंची, थंडी, पावसाळ्यात धुके. तिथे इमल्शनचे कण नीट जुळायला जास्त सहायक द्रावक लागते. अमरावतीत चालणारा जवळजवळ शून्य व्हीओसीचा रंग त्याच जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला जानेवारीच्या पहाटे मारला तर भुकटी होऊन सुटू शकतो. २३ अंशांची कोठी यातले काही सांगत नाही.

या सगळ्याचा पहिला वाटेकरी घरमालक नसतो, पेंटर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पेंटरचा व्यवसाय माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवला आहे. यात जुन्या रंगांमधल्या इतर विषांचाही वाटा आहे. शिशाचा विषय वेगळा आहे आणि तो वेगळाच तपासावा लागतो: घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून बंधनकारक आहे, पण व्हीओसीच्या कोणत्याही अहवालात शिसे दिसत नाही.

चाचणीसाठी वऱ्हाडाला फार लांब पाहायला नको. नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये, जी १९४२ पासून आहे, पृष्ठलेपन तंत्राचे शिक्षण चालते, आणि नागपुरातच नीरी ही हवेच्या प्रदूषणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. खासगी प्रयोगशाळा निवडताना एनएबीएलची मान्यता बघतात, पण मान्यता आहे एवढे पुरत नाही. मान्यतेच्या व्याप्तीत नेमकी ही चाचणी, नेमक्या मानकासह, लिहिलेली असावी लागते. सिमेंटच्या चाचणीसाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा रंगाची चाचणीही करून देते, फक्त तिचा कागद टिकत नाही.

प्रत्यक्ष इमारतीसाठी प्रत्येक शेडचा क्रमांक, बेसचे नाव आणि बॅच, मशीनने छापलेली स्टेनरच्या प्रमाणाची चिठ्ठी, प्रायमर, लांबी, ऑइलपेंट, पॉलिश आणि थिनर यांची बिले एकत्र ठेवावीत. चाचणीला पाठवायचा तो सर्वांत गर्द शेडचा, मशीनवरून उतरलेला सीलबंद डबा. तो पास झाला तर त्याच बेसच्या फिक्या शेडची वेगळी चाचणी सहसा लागत नाही. हे केलेले नसेल तर माहितीपत्रकावरचा आकडा फक्त पांढऱ्या बेसचा आहे असेच समजावे.